परतीचा दोर

आमच्या वाडीत, माझ्या छोट्या रोपवेखाली, बर्फ पडतो तो पांढऱ्या रांगोळीचा. पहिल्या वर्षी मी मिठाचा पाडला होता. बारीक मीठ उन्हात चकाकतं, जरा लांबून पाहिलं तर फोटोतल्या आल्प्ससारखं दिसतं. पण मीठ आणि जून महिना यांची गाठ पडली की काय होतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आठ दिवसांत उताराला पाणी सुटलं, खारे ओघळ खांबांच्या बुडाशी साचले आणि सायकलच्या आऱ्यांपासून केलेले सगळे रूळ गंजून तांबडे झाले. आत्या पडवीतून म्हणाली, "तुझा हिमालय पाझरतोय रे."

श्रीवर्धनातली आमची पोफळीची वाडी. तिच्या एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला घर, आणि दोहोंच्या मध्ये साडेतेवीस मीटर लांबीचा माझा रोपवे. विहिरीच्या कठड्यापाशी सुरू होतो आणि माडीच्या खिडकीत शिरतो. दोन मोठी चाकं, सात खांब, बारा डबे. घरात डब्यांना पाळणे म्हणतात, मीही आता तेच म्हणतो. प्रमाण १:३२, म्हणजे माणूस साडेपाच सेंटिमीटरचा आणि आठ माणसांचा पाळणा चहाच्या कपाएवढा. युरोपात या प्रमाणाच्या तयार प्रतिकृती विकत मिळतात, ऑस्ट्रियातल्या येगर्नडॉर्फर कंपनीच्या तर फार देखण्या. त्यांची किंमत रुपयांत करून पाहिली आणि मुकाट्याने सनबोर्ड कापायला बसलो.

धंदा माझा मोटर वाइंडिंगचा. गावातल्या विहिरींवरचे पंप जळले की दुकानात येतात. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची आणि संध्याकाळी घरी येऊन दोर गुंडाळायचा. बर्फ मी पाहिलेला नाही. स्की हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती. तरी या खुळाचं मूळ लहानपणातच आहे. काका बोटीवर होता. हँबर्गहून येताना त्याने माझ्यासाठी पत्र्याचा एक लाल पाळणा आणला. चावीचा नव्हे, हाताने मूठ फिरवायची. खुंटीपासून खिडकीच्या गजापर्यंत सुतळी बांधून मी तो चालवत असे. दोन-चार दिवस नीट चालला. मग मूठ फिरे, चाक फिरे, पाळणा मात्र जागचा हलत नसे. मी तेलपाणी केलं, पाळण्याला रागाने दोन फटके दिले, शेवटी माळ्यावर टाकला. तो का हलत नव्हता, हे कळायला चाळीस वर्षं आणि एक वादळ लागलं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. त्या दुपारी वाडीत काय आवाज होता ते लिहून सांगता येणार नाही. पोफळी वाकतात, वाकून पुन्हा उभ्या राहतात, हे आम्ही जन्मभर पाहिलेलं. त्या दिवशी त्या वाकल्या आणि मोडल्या. रोठा सुपारीची जी झाडं आजोबांनी लावली होती त्यांतली निम्म्याहून जास्त संध्याकाळी आडवी होती. पुढे कित्येक आठवडे वीज नव्हती. वीज नाही म्हणजे पंप नाही, आणि पंप नाही म्हणजे विहिरीवर दोर-कळशी. गावभरचे पंप बरे करणाऱ्या माणसाच्या घरी पाणी शेंदायची पाळी.

त्या दिवसांत गोठ्याचं पडलेलं छप्पर उपसताना जुन्या बैलरहाटाचं चाक सापडलं. अष्टागरापासून गुहागरापर्यंतच्या माणसाला रहाट सांगायला नको, पण ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: विहिरीच्या तोंडावर मोठं उभं लाकडी चाक, त्यावरून खाली पाण्यात सोडलेली दोरांची माळ, माळेला ओळीने बांधलेले लोटे. बैल गोल फिरतो, चाक फिरतं, भरलेले लोटे वर येतात, पन्हळीत ओततात आणि पालथे होऊन दुसऱ्या बाजूने खाली जातात. मी ते चाक दोन दगडांवर टेकवलं, त्यावर दोर टाकला आणि हाताने फिरवत बसलो. करायला दुसरं काही नव्हतंच.

लहानपणी रहाट पाहताना सगळे वर येणाऱ्या लोट्यांकडे बघायचे. पाणी तिथे होतं. खाली जाणाऱ्या रिकाम्या लोट्यांकडे कोण बघतो? पण बैलाला विचारलं असतं तर त्याने वेगळं सांगितलं असतं. खाली जाणारे लोटे वर येणाऱ्या लोट्यांचं ओझं तोलून धरतात, दोराने दोर तोलला जातो, आणि बैलाच्या खांद्यावर येतं ते फक्त पाण्याचं वजन. डोंगरावरच्या रोपवेचंही हेच गणित. पाळण्यांचं वजन मोटरला उचलावं लागत नाही, ते परतीच्या बाजूचे पाळणे उचलतात. मोटर उचलते ती माणसं.

हे सुचल्यावर मी थोडा फुशारलो. मग वीज आली, मोबाइल चालू झाला आणि कळलं की ही अक्कल जुनीच आहे. १६४४ मध्ये आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात अडाम वीबे नावाच्या माणसाने तटबंदीसाठी टेकडीवरची माती आणायला लाकडी खांबांवरून दोराचं अखंड कडं फिरवलं होतं आणि त्याला टोपल्या लटकवल्या होत्या. म्हणजे आपला रहाटच, आडवा पाडलेला. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये शोलाख गावच्या रोबर्ट विंटरहाल्डरने १९०८ मध्ये बर्फावर घसरणाऱ्या पाहुण्यांना वर ओढून न्यायला पहिली स्की-लिफ्ट केली, ती पाणचक्कीवर चालायची.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती खुर्चीची गोष्ट. १९३६ मध्ये अमेरिकेत युनियन पॅसिफिक रेल्वेला आयडाहोतल्या सन व्हॅलीत बर्फाच्या खेळांचं ठिकाण उभारायचं होतं. त्यांच्याकडे जेम्स करन नावाचा इंजिनियर होता. त्याने पूर्वी केळीचे लोंगर बोटीत चढवणारी यंत्रणा केली होती, फिरत्या दोराला आकडे आणि आकड्यांना लोंगर. करनने आकडे काढले आणि खुर्च्या लावल्या. प्रश्न एवढाच, की उभ्या माणसाला मागून येणारी खुर्ची किती वेगाने उचलेल म्हणजे तो तोंडघशी पडणार नाही? हे ठरवलं कुठे, तर ओमाहा शहरात, भर उन्हाळ्यात, सपाट जमिनीवर. ट्रकच्या कडेला खुर्ची लटकवली, माणसाच्या पायाला रोलर स्केट बांधले आणि ट्रक मागून नेला. म्हणजे जगातली पहिली चेअरलिफ्ट जिथे जन्मली तिथे बर्फही नव्हता आणि डोंगरही नव्हता. हे वाचल्यापासून "कोकणात बसून स्की-लिफ्ट कसली करतोस?" या प्रश्नाला मी उत्तर द्यायचं सोडून दिलं. केळी आमच्याकडेही आहेत.

आता कामाचं. खरी मोठी चाकं साधारण पावणेपाच मीटर व्यासाची धरली तर माझं चाक पंधरा सेंटिमीटरचं. वादळात पडलेल्या फणसाच्या फळ्या होत्या, त्यांतून गावातल्या सुताराने दोन चाकं कातून दिली. खोबणीत सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, खऱ्या चाकांनाही रबराचं अस्तर असतंच. खांबांवरच्या बारीक चाकांसाठी फार हिंडलो आणि शेवटी उत्तर हार्डवेअरच्या दुकानात मिळालं. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांची चाकं. आत बेअरिंग, वर खोबण, डझनाने मिळतात. खरे पाळणे सेकंदाला पाच मीटर जातात, म्हणजे माझे सेकंदाला साडेपंधरा सेंटिमीटर जायला हवेत. पंधरा सेंटिमीटरच्या चाकाला त्यासाठी मिनिटाला वीस फेरे लागतात. तीस फेऱ्यांची गिअरवाली बारा व्होल्टची मोटर घेतली आणि वेग उतरवला. वजनाचं गणित मात्र फसवं. लांबी बत्तीसपट कमी केली की वजन बत्तीस गुणिले बत्तीस गुणिले बत्तीस इतकं कमी होतं. सहाशे किलोचा पाळणा अठरा ग्रॅमचा होतो. अठरा ग्रॅमचं वजन दुकानात कुठलं मिळायला? आत्याने डबा पुढे केला. दोन-तीन सोललेल्या सुपाऱ्या की झाले अठरा ग्रॅम. आमच्या पाळण्यांतले प्रवासी अजूनही सुपाऱ्याच आहेत.

वरचं स्टेशन मी आधी घरात ठेवणार नव्हतो. रायगडाचा रोपवे सुमारे साडेसातशे मीटर लांब, उंची सुमारे चारशे मीटर. बत्तिसाने भागलं तर साडेतेवीस मीटर आणि साडेबारा मीटर. आणि वाचलेल्या पोफळींतली सर्वांत उंच जी आहे ती साधारण तेवढीच! हा योगायोग मला झोपू देईना. पाडेल्याला बोलावलं. त्याने पायांत काथ्याचा फास अडकवला, सरसर वर गेला, शेंड्याखाली चाक बांधलं आणि वरून ओरडला, "दादा, ह्याला सुपाऱ्या कधी लागनार?" पहिल्या दिवशी वारा नव्हता. पाळणे असे चढले की रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. दुसऱ्या दिवशी दुपारचा खारा वारा सुटला. पोफळ डुलायला लागली. तिचा शेंडा हातभर इकडे, हातभर तिकडे, आणि दोर कधी सतारीच्या तारेसारखा ताठ, कधी वाळत घातलेल्या धोतरासारखा सैल. सगळे पाळणे अळवात. मुकाट्याने चाक माडीच्या खिडकीत आणलं. उंची चार मीटरवर आली, रायगडाचा अभिमान गळाला.

आणि दोर. याबद्दल मी कितीही लिहीन, कारण माझी दोन वर्षं त्यात गेली. आधी तंगूस लावला, मासे पकडायचा. दिसत नाही, तुटत नाही, पण रिळावरची वळी काही सोडत नाही आणि चाकावर साबणासारखा घसरतो. मग सुती दोरी. ती पावसात भिजून इतकी आखडली की एक खांब उपटून निघाला. शेवटी दोन मिलिमीटरचा तीनपदरी नायलॉन. प्रमाणात तो जरा जाड आहे, कुणी जाणकार आला तर पहिल्यांदा तेच बोलेल. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असं आपण हट्टी माणसाला म्हणतो, टोमणा म्हणून. पण दोराचा सगळा जीव त्या पिळातच आहे. तंतू सुटे धरले तर एकेक तुटेल, पीळ घातला की ते एकमेकांना आवळून धरतात. जर्मनीतल्या हार्ट्‌स डोंगरात खाणींचा कारभार पाहणाऱ्या विल्हेल्म आल्बर्टने १८३४ मध्ये लोखंडी तारांना असाच पीळ घालून दोर केला, चार तारांचा एक पदर, असे तीन पदर. त्यानंतरच डोंगरावर माणसं लटकवण्याचा धीर जगाला झाला.

दोर ठरला, आता त्याचं कडं करायचं. गाठ मारली की प्रत्येक चाकावर ठेच. मी जीवना बंदरावर गेलो. तिथल्या एका नाखवाशी पंपाच्या कामातून ओळख होती. तो जाळ्याशेजारी बसला होता.

"जाल्याला पायजे का होरीला?"

"पाळण्याला."

त्याने माझ्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, आणि "कोनाच्या घरी पोर झालं?" असं विचारलं. मी सगळं सांगितलं. त्याने फक्त एक गोष्ट विचारली, चाक केवढं. मग दोन्ही टोकांचे पदर सोडले आणि समोरासमोर बसवले. एका टोकाचा एक पदर उलगडत मागे न्यायचा आणि त्याने मोकळ्या केलेल्या खाचेत समोरच्या टोकाचा पदर पिळाने भरत जायचं, तसंच उलट दिशेला. पदराची जागा पदर घेतो, म्हणून दोर जाड होत नाही. तिन्ही पदर लांब लांब ठिकाणी भेटतात, तिथे टोच्याने पीळ उकलून टोकं आत घालायची. त्याची बोटं दोराकडे न बघता चालत होती, नजर लाँचवर आणि तोंडात सून-मुलाच्या तक्रारी. मी आधी वाचून गेलो होतो की खऱ्या रोपवेचा सांधा दोराच्या जाडीच्या किमान बाराशेपट लांब असावा लागतो, पन्नास मिलिमीटरच्या दोराला साठ मीटर. त्या हिशेबाने माझा दोन मीटर चाळीस. नाखवाने हिशेब न करता हात पसरून दीड वाव धरला, म्हणजे साधारण तेवढाच.

उठताना म्हणाला, "सांधा दोर खातो. वाढीव घेतलंस ना?" मी घेतलं होतं. पुरेसं नाही, हे घरी गेल्यावर कळलं. कडं दोन फूट तोकडं. पुन्हा त्याच्याकडे जायची लाज वाटली, म्हणून विहिरीकडचं अख्खं स्टेशन एक फूट पुढे सरकवलं. पाया सिमेंटचा होता. छिन्नीने फोडला.

त्याच दिवशी बंदरावर दुसरी गोष्ट पाहिली, आणि लहानपणच्या लाल पाळण्याचं कोडं तिथे सुटलं. एका पोराने धक्क्यावरच्या खुंटाला दोराचे तीन वेढे दिले आणि टोक नुसतं चिमटीत धरून ओहोटीच्या ओढीवरची लाँच रोखली. वेढे वाढतात तशी पकड बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. बेताच्या घर्षणाचा दोर धरला तरी तीन वेढ्यांत धरणाऱ्याच्या हाताची ताकद शंभरपटीहून जास्त होते. पण त्यासाठी त्याने टोक धरलेलं हवं. शून्याला शंभराने गुणलं तर शून्यच. पोराने टोक सोडलं असतं तर लाँच गेली असती, वेढे कितीही असोत. रोपवेच्या चाकाभोवती दोराचा वेढा असतो फक्त अर्धा. त्या अर्ध्या वेढ्यात दोन बाजूंच्या ओढीत दुपटीच्या आसपासच फरक चालतो, त्याहून जास्त झाला की दोर घसरतो. म्हणजे चढणाऱ्या दोराला चाकाने ओढायचं असेल तर परतणाऱ्या दोराने मागून ताण धरलाच पाहिजे. माझी सुतळी ढिली पडली होती. पुढचा दोर अगदी बरोबर होता, मागचा सैल होता. मी मात्र फटके पाळण्याला दिले होते.

हा ताण कायम राहावा म्हणून एका टोकाचं चाक गाड्यावर बसवतात आणि गाड्याला वजन टांगतात. मला त्यासाठी खड्डा खणायची गरजच नव्हती, समोर विहीर होती. वाण्याकडून मोडीत निघालेलं दोन किलोचं लोखंडी वजन आणलं, दोरीने गाड्याला जोडून विहिरीत सोडलं. आणि मग एक गंमत दिसली. नायलॉन हवेतली ओल पितो आणि लांबतो. सत्तेचाळीस मीटरचं कडं जुलैत हातभर लांबतं, त्याच्या निम्मं, म्हणजे वीतभर वजन विहिरीत खाली उतरतं. ऊन पडलं की वर येतं. आत्याने हे पहिल्या पावसाळ्यातच हेरलं. दिवाळीच्या सुमाराला सकाळी उठून ती विहिरीत डोकावते आणि सांगते, "आज वजन वर आहे, सुपारी अंगणात घाला." हवामान खात्यावर तिचा एवढा विश्वास कधीच नव्हता.

पाळणे दोराला कायमचे बांधले असते तर इतका खटाटोप लागला नसता. पण तसला रोपवे म्हणजे फिरतं तोरण. खरी मजा सुटणाऱ्या पकडीत आहे. दोर सेकंदाला पाच मीटरने धावत असतो आणि स्टेशनात मात्र म्हातारी माणसंही सहज चढावीत असं पाळणा रेंगाळतो, कारण आत येताच पकडीचा दांडा एका रुळावर चढतो, स्प्रिंग दाबली जाते, जबडा उघडतो आणि पाळणा दोर सोडून देतो. पुढे रबरी चाकांची रांग त्याला हळू करते, वळवते, पुन्हा पळवते आणि दोराच्या वेगाला आणून दोराच्या हवाली करते. माझा जबडा कपडे वाळत घालायच्या चिमट्याच्या स्प्रिंगचा आणि दांडा छत्रीच्या काडीचा आहे. मोडक्या छत्र्यांना कोकणात तोटा नाही. पहिल्या महिन्यात बारांतले तीन तरी रोज पडत. एक विहिरीत गेला तो तिथेच आहे. सुपाऱ्यांसकट.

डोलणं मात्र मला कधीच जमलं नाही, आणि कुणालाच जमणार नाही. लंबक जितका आखूड तितका भराभर हलतो. बत्तीसपट लहान पाळणा साडेपाचपटीहून जास्त वेगाने डुलतो. वारा आला की माझे पाळणे थरथरतात, खरे झुलतात. भाच्याने मोबाइलवर त्याचं चित्रण केलं आणि तितकंच सावकाश करून दाखवलं. एकदम सगळं मोठं झालं. रांगोळीचा डोंगर, पोफळीची सावली, आणि जड, संथ झुलणारे पाळणे. आत्याने चष्मा वर केला आणि विचारलं, "हे कुठलं रे?"

तिला मी रायगडला नेलं होतं. तिथला रोपवे १९९६ पासून चालू आहे, पण ती गेली होती त्याआधी, शाळेत असताना, पायऱ्या चढून. या वेळी गुडघे चालण्यासारखे नव्हते. हिरकणीवाडीतून आम्ही बसलो. इथे पाळणे गोल फिरत नाहीत, काही वर जातात तेव्हा काही खाली येतात आणि वाटेत एकमेकांना भेटतात. चार-पाच मिनिटांचा खेळ. मी खिडकीतून खांबांवरची चाकं मोजत होतो आणि आत्या कड्याकडे बघत होती, ज्या कड्यावरून हिरकणी घरी ठेवलेल्या तान्ह्या बाळासाठी अंधारात उतरली असं सांगतात. "दूध घालायला गडावर सगळ्याच गवळणी चढायच्या," ती म्हणाली. "बुरूज उतरणारीच्या नावाचा झाला." समोरून खाली येणाऱ्या पाळण्यातल्या एका मुलाने तिला हात केला. तिनेही केला.

मागच्या-मागच्या गणपतीत मुंबईची सगळी मंडळी आली. देखावा म्हणून रोपवे चालू ठेवला होता आणि पोरांनी पाळण्यांतून मोदक वर पाठवायचं ठरवलं. मोदक अठरा ग्रॅमचा नसतो, हे मी सांगून पाहिलं. आरती चालू असताना वीज गेली. पाच पाळणे अधांतरी, त्यांत तीन मोदक, आणि पाठोपाठ मुंग्या. पोरं हसत होती, पण चुलत बहिणीच्या धाकटीने विचारलं, "आत खरी माणसं असती तर?" मला लगेच बोलता आलं नाही. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडात देवघरजवळ त्रिकूट पर्वतावरच्या रोपवेत अपघात होऊन माणसं असंच लटकत राहिली होती. हेलिकॉप्टरने काढायला दोन दिवस गेले, तिघांचा जीव गेला. मी तिला मोटरची मूठ दाखवली, खऱ्या रोपवेला वीज गेल्यावर चालणारं दुसरं इंजिन असतं ते सांगितलं, आणि तिच्याकडूनच मूठ फिरवून पाचही पाळणे आत आणवले.

गणपती गेल्यावर मात्र एक काम केलं जे आधीच करायला हवं होतं. खऱ्या खांबांवर चाकांच्या शेजारी एक ठिसूळ दांडी असते. दोर चाकावरून उतरला की तो दांडीवर पडतो, ती मोडते, वीजप्रवाह तुटतो आणि सगळं जागच्या जागी थांबतं. तशी दांडी कशाची करायची? ठिसूळ हवी आणि वीजही वाहून नेणारी हवी. उत्तर कंपासपेटीत होतं, शिसपेन्सिलीचं शिसं. पॉइंट सातची कांडी प्रत्येक खांबावर आडवी बसवली, सातही कांड्यांतून एकच तार फिरवून मोटरचा प्रवाह तोडणाऱ्या रिलेला दिली. बोटाने दोर चाकावरून ढकलला. टक्. कांडी मोडली आणि मोटर बंद. इतका आनंद मला पहिला पाळणा चढला तेव्हाही झाला नव्हता. सातही कांड्या मोडून पाहिल्या. मग नव्या कांड्यांचं दुकान बंद, म्हणून दोन दिवस रोपवे बंद.

नाखवा गेल्या पावसाळ्यात आला. मासेमारी बंद होती, पंप घेऊन आला होता. "त्यो पालना बघू," म्हणाला. मी बटण दाबलं आणि काय काय सांगू असं मला झालं, पकड, रूळ, शिसाच्या कांड्या. त्याने पाळण्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. विहिरीकडच्या चाकाशी गेला, परतीच्या दोराभोवती अंगठा आणि बोट अलगद धरलं आणि दोर चिमटीतून वाहू दिला. पाळणा जवळ आला की चिमटी सोडायची, गेला की पुन्हा धरायची. डोळे मिटलेले. पाच मिनिटं होत आली, कडं पुरतं फिरून आलं. त्याने पुन्हा एक फेरी जाऊ दिली. पाऊस भुरभुरत होता, विहिरीतलं वजन खाली उतरलेलं होतं.

"सांधा कुठं हाय रं?" त्याने विचारलं.

मलाही दाखवता येईना. आम्ही दोघं दोराच्या दोन बाजूंना उभे राहिलो, तो परतीच्या आणि मी चढाच्या, आणि तिसरी फेरी सुरू झाली.